पटावर कोण आहे, ते आधी बघ

*"ताई, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगी चौथीत आहे. आमच्या हद्दीतल्या पब्लिक शाळेला राज्याचा ‘ए’ दर्जा आहे, निम्म्याहून जास्त मुलं भारतीय. पण ही वर्गात तोंड उघडत नाही आणि गणिताचं पुस्तक काढलं की पोट दुखतं म्हणते. म्हणून मी एका छोट्या चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावरच्या पण हद्द नसलेल्या शाळेत, अर्ज टाकला होता. दोन इमारती, सगळी मिळून साडेसहाशे मुलं, तेवढाच त्यांचा डिस्ट्रिक्ट (एका कारभाराखालच्या सगळ्या शाळा). लॉटरीत नाव लागलं. मी तिला घेऊन शाळा बघून आले. गणिताच्या बाई तिच्याशेजारी बसून वीस मिनिटं अपूर्णांक करत होत्या आणि माझी मुलगी चक्क बोलत होती.*

*रात्री नवऱ्याने शाळेचा रिपोर्ट काढला. दर्जा ‘बी’. ७८ टक्के मुलं गरीब घरची, ७१ टक्के हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाची), एशियन ३ टक्के. गणितात ‘मीट्स’ ४१ टक्के. आमच्या शाळेत ७९. एशियन मुलांच्या रकान्यात तर आकडाच नाही, नुसती तारका. तो म्हणतो, ‘लपवतायत म्हणजे काहीतरी असणार. आणि तिथे आपली मुलं नाहीत.’ मराठी ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांनी घरं विकणाऱ्या साइटवरचे गुण पाठवले, दहापैकी चार. दहा दिवसांत जागा घेणार की सोडणार ते कळवायचंय. डोळ्यांवर विश्वास ठेवू की आकड्यांवर?"*

*— चौथीतल्या मुलीची आई*

तू ताई म्हटलंस, म्हणून मी सरळ एकेरीवर येते.

आधी ती तारका, कारण तिचं उत्तर सोपं आहे. साडेसहाशेचे ३ टक्के म्हणजे जेमतेम वीस मुलं. ती इयत्तांत वाटली की एकेका वर्गात एक किंवा दोन. ‘पाचवी, गणित, एशियन’ या चौकटीत टक्केवारी छापली, तर ती एका ओळखू येणाऱ्या मुलीची गुणपत्रिका चारचौघांत वाचल्यासारखी होईल. विद्यार्थ्याची माहिती अशी उघडी पडू नये म्हणून अमेरिकेत १९७४ पासून केंद्राचा कायदा आहे, आणि त्यामुळे राज्याचं शिक्षण खातंच अशा चौकटी झाकतं. शाळेचा त्यात हात नसतो. तुझी मुलगी तिथे गेली, तर ती तारका तिच्याही गुणांवर पांघरूण घालेल. नवऱ्याला एवढं आजच सांग, म्हणजे ‘लपवतायत’ हा शब्द तरी बोलण्यातून जाईल.

आता ४१ आणि ७९.

टेक्ससच्या स्टार (STAAR) या राज्याच्या परीक्षेत मुलं चार पायऱ्यांत बसतात. सगळ्यात खालची नापासाची, मग ‘अप्रोचेस’, मग ‘मीट्स’, वर ‘मास्टर्स’. ‘अप्रोचेस’ला मूल पास धरतात, ‘मीट्स’ म्हणजे त्या इयत्तेचं नीट येतं. त्यामुळे ४१ टक्के ‘मीट्स’ याचा अर्थ ५९ टक्के नापास असा होत नाही. ग्रुपवर तसा अर्थ कोणी लावला असेल, तर तो चूक आहे.

पण मोठी चूक दुसरीच आहे. हा आकडा एका दिवशी मूल कुठे उभं आहे ते सांगतो. ते तिथवर कसं आलं, शाळेने त्यातलं किती अंतर चालवलं आणि किती अंतर घरूनच कापून आलं होतं, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतल्या सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून अहवाल दिला. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या इमारती-पुस्तकांपेक्षा घरच्या परिस्थितीशी कितीतरी घट्ट बांधलेला आहे, हे तेव्हापासून जाहीर आहे. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी २०१७ मध्ये देशभरच्या डिस्ट्रिक्टांचे तिसरी ते आठवीचे निकाल एकत्र मांडले. तिसरीतले गुण घरच्या उत्पन्नाशी जोडलेले होते, पण तिसरीपासून आठवीपर्यंत मुलं किती पुढे गेली याचा त्या उत्पन्नाशी फार थोडा संबंध निघाला. शिकागोच्या सरकारी शाळांतली मुलं, बहुतांश गरीब घरची, पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. नुसती सरासरी बघणाऱ्याला शिकागो खालच्याच यादीत दिसत होतं.

आपल्या लोकांनी यातली एक गोष्ट स्वतःशी कबूल करायला हवी. तुमच्या शाळेतली निम्मी मुलं भारतीय, म्हणजे त्यातल्या बहुतेकांचे आईवडील कोण? एच-१बी व्हिसा मिळायलाच पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. या देशातल्या प्रौढ भारतीयांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांकडे पदवी आहे, जी एकूण अमेरिकी लोकसंख्येत साधारण तिसऱ्या हिश्श्याकडे असते. अशा घरांतून मुलं उचलून एका इमारतीत बसवली, तर निकाल ७९ टक्के लागणारच. त्या ‘ए’मध्ये शिक्षकांचे कष्ट असतील, मी ते नाकारत नाही. पण व्हिसाचा नियम, शनिवारचा गणिताचा क्लास आणि रात्री नऊला वही तपासणारे बाबाही त्यातच आहेत. तुझी मुलगी शाळा बदलेल, बाबा बदलणार नाहीत.

हे हिशोबात कसं दिसतं, ते एका मनाने मांडलेल्या उदाहरणातून दाखवते. नवऱ्याला आकडे पटतात ना, मग कागद-पेन घेऊन त्याच्याबरोबर कर. एका शाळेत शंभरातली ८० मुलं बऱ्या घरची, त्यातली ७५ टक्के ‘मीट्स’ला पोचतात, म्हणजे ६०. गरीब घरची २०, त्यातली ३५ टक्के पोचतात, म्हणजे ७. एकूण ६७ टक्के. दुसऱ्या शाळेत बऱ्या घरची २०, त्यातली ८० टक्के पोचतात, म्हणजे १६. गरीब घरची ८०, त्यातली ४५ टक्के पोचतात, म्हणजे ३६. एकूण ५२ टक्के. दुसरी शाळा गरीब मुलांना पहिलीपेक्षा चांगलं शिकवते आणि बऱ्या घरच्यांनाही. तरी यादीत ती पंधरा टक्क्यांनी मागे. कारण एवढंच, की तिच्या पटावर मुलं वेगळी आहेत.

तुमच्या दोन शाळांचं असंच आहे असं मी म्हणत नाही. तसं आहे का, ते बघता येतं. रिपोर्टमध्ये एकूण आकड्याखाली गटवार ओळी असतात. दोन्ही शाळांची ‘इकॉनॉमिकली डिसअ‍ॅडव्हान्टेज्ड’ (गरीब घरची मुलं) ही ओळ शेजारी शेजारी ठेव. त्या गटात चार्टरची मुलं तुमच्या शाळेतल्या तशाच मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे असतील, तर तिथे शिकवणं होतंय. मागे असतील, तर नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य कर.

या ‘गरीब’ शब्दाबद्दलही एक. तो रकाना मुख्यतः शाळेतल्या फुकट किंवा सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवरून भरतात. चौघांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न साधारण ६० हजार डॉलरच्या आत असलं की मूल त्यात येतं. हॉस्पिटलमधला मदतनीस, छपरं बसवणारा कारागीर, हॉटेलातला आचारी यांची मुलं त्यात आहेत; स्टायपेंडवर पीएचडी करणाऱ्या आपल्याच जोडप्याचं मूलही असू शकतं. टेक्ससच्या सरकारी शाळांतली दर पाचातली तीन मुलं याच रकान्यात आहेत आणि निम्म्याहून अधिक मुलं हिस्पॅनिक आहेत. म्हणजे चार्टर शाळेचा पट राज्याच्या पटापासून फार दूर नाही. या राज्यात वेगळी पडते ती तुमची शाळा.

माझी आई बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती. दिवाळी झाली की तिचा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांबरोबर मुलंही जायची आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतायची. वर्षाच्या शेवटी तपासणीला येणारे साहेब एकच आकडा वाचायचे आणि शेजारच्या गावच्या शाळेशी तुलना करायचे. त्या गावातून कोणी कोयता घेऊन बाहेर जात नव्हतं. आई घरी येऊन हजेरीपट पुढ्यात घेऊन बसायची. फेब्रुवारीत परतलेला एक मुलगा एप्रिलपर्यंत हातच्याची वजाबाकी शिकला, याला त्या तक्त्यात जागा नव्हती. मी तेव्हा दहा वर्षांची होते. तिला त्या आकड्याचं किती लागायचं, ते मला आजही आठवतं. म्हणून तुझ्या पत्रातली ‘दहापैकी चार’ ही ओळ वाचून मी थोडा वेळ थांबले.

टेक्ससचा तक्ता मात्र त्या साहेबांच्या तक्त्यापेक्षा बरा आहे, फक्त तो आत शिरून वाचावा लागतो. दर्जाचे तीन भाग असतात. पहिला निकालाचा. दुसरा प्रगतीचा, आणि त्यातही दोन पोटभाग आहेत: तीच मुलं मागच्या वर्षाच्या तुलनेत किती पुढे गेली हा एक, आणि साधारण तेवढीच गरीब मुलं असलेल्या इतर शाळांच्या तुलनेत ही कुठे आहे हा दुसरा. तिसरा भाग वेगवेगळ्या गटांमधली दरी भरून निघते का, याचा. पहिल्या दोनांपैकी जो चांगला असेल तो ७० टक्के धरतात आणि तिसरा ३० टक्के. म्हणजे ‘बी’ दोन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो. निकाल बरा पण मुलं जागच्या जागी, किंवा निकाल मध्यम पण मुलं झपाट्याने पुढे जाणारी. नवऱ्याने पहिल्या पानावरचं अक्षर पाहिलं असणार. तू दुसऱ्या भागातला पहिला पोटभाग काढ. माझ्या दृष्टीने सगळ्या रिपोर्टात तो आकडा सर्वांत मोलाचा.

आणि एका वर्षाचा नको, निदान तीन वर्षांचे काढ. साडेसहाशेच्या डिस्ट्रिक्टमध्ये एका इयत्तेत चाळीस-पन्नास मुलं असतील. चाळीसच्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के. परीक्षेच्या सकाळी चार मुलांचं बिनसलं की आकडा दहाने खाली, पुढच्या वर्षी चार हुशार मुलं आली की दहाने वर. ह्यूस्टनसारख्या दीड लाखाहून जास्त मुलांच्या डिस्ट्रिक्टमध्ये असं होत नाही, पण दोघांना तक्त्यात सारखीच एक ओळ मिळते. एकेकाळी गुणवत्तेच्या याद्यांत वर छोट्या शाळा फार दिसतात म्हणून गेट्स फाउंडेशनने छोट्या शाळा काढण्यावर प्रचंड पैसा घातला. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की यादीच्या तळाशीही छोट्याच शाळा जास्त असतात. छोटेपणामुळे आकडा झोके घेतो, दोन्ही बाजूंना. तेव्हा या शाळेचा एखाद्या वर्षीचा ‘ए’ सापडला तर त्यानेही हुरळून जाऊ नकोस.

आतापर्यंत मी शाळेची बाजू लढवतेय असं वाटत असेल. तसं नाही. या पत्रातला सगळ्यात अवघड भाग पुढे आहे.

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते. फी नाही, हद्द नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी. टेक्ससमध्ये १९९५ च्या कायद्याने त्या आल्या. बरेच नियम त्यांना शिथिल आहेत. चौथीपर्यंत वर्गात २२ मुलांची जी मर्यादा बाकीच्या सरकारी शाळांना आहे, ती त्यांना नाही. बहुतेक विषयांसाठी शिक्षकाकडे राज्याचं प्रमाणपत्र असण्याची सक्ती नाही. शिस्तभंगाची नोंद असलेल्या मुलाला प्रवेश नाकारण्याची मुभा मात्र त्यांना मिळू शकते. लॉटरीचा अर्ज भरायलासुद्धा जागरूक पालक लागतात. म्हणजे इथेही पट आपोआप थोडा चाळला जातो, आणि ‘गरीब मुलांना घेऊनही एवढा निकाल’ या दाव्यातून तेवढं वजा करायला हवं.

लॉटरीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची पुढे तुलना केली, तर ही चाळणी निघून जाते, कारण दोन्हीकडचे पालक सारखेच धडपडे असतात. असा एक मोठा अभ्यास सरकारसाठी ‘मॅथमॅटिका’ संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला, १५ राज्यांतल्या ३६ चार्टर मिडल स्कूलांचा. गुणांत सरासरी ठळक फरक नव्हता. आतलं चित्र मात्र तुझ्या प्रश्नाला थेट भिडतं. गरीब घरच्या मुलांना या शाळांचा गणितात फायदा झाला होता. बऱ्या घरच्या, आधीच पुढे असलेल्या मुलांचं गणितात नुकसान झालं होतं.

हे वाचून दचकू नकोस, पण बाजूलाही टाकू नकोस. शाळा चांगली असणं आणि ती तुझ्या मुलीला पुरणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मागे पडलेल्यांना वर आणण्यात सगळी शक्ती घालणाऱ्या शाळेत पुढे धावू शकणाऱ्या मुलासाठी कधी कधी शिक्षकच उरत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना सरळ विचार: आठवीत अल्जिब्रा वन (हायस्कूलचा बीजगणिताचा पहिला विषय) आहे का, मागच्या वर्षी किती मुलांनी घेतला, कोण शिकवतं? २०२३ च्या कायद्याप्रमाणे पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीत आपोआप वरच्या गणितात बसवावं लागतं, आणि हे चार्टरनाही लागू आहे. ‘आहे, पण गेल्या वर्षी मुलंच नव्हती’ असं उत्तर आलं, तर मी जागा घेण्याआधी खूप विचार करीन.

दुसरा प्रश्न, मुलं टिकतात का? रिपोर्टात इयत्तावार पटसंख्या असते. मागच्या वर्षीची पाचवी आणि या वर्षीची सहावी, मागची सहावी आणि आताची सातवी, अशी तिरकी तुलना कर. चाळीसचे तीस, तिसाचे बावीस होत असतील, तर जाणारी मुलं कोण, हे विचारायलाच हवं. कमकुवत मुलं गळत गेली की आठवीचा निकाल आपोआप सुधारतो. तिसरा, शिक्षक टिकतात का? डिस्ट्रिक्टच्या रिपोर्टात शिक्षकांच्या अनुभवाची सरासरी वर्षं आणि दरवर्षी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण दिलेलं असतं. ज्या बाई तुझ्या मुलीशेजारी बसल्या, त्या पुढच्या ऑगस्टमध्ये तिथे असतील का, हा तुझ्यासाठी या सगळ्या आकड्यांतला खरा आकडा. त्यांनाच विचार, किती वर्षं इथे आहात म्हणून. संकोच करू नकोस.

आता नवऱ्याचं ते दुसरं वाक्य. ‘तिथे आपली मुलं नाहीत.’

यात दोन भीती एकत्र बांधल्या आहेत, त्या सोडवून वेगळ्या ठेवा. एक खरी आहे. वर्गात आपल्यासारखं कोणीच नसणं मुलाला जड जाऊ शकतं. डब्यातली भाजी, नावाचा उच्चार, दिवाळीची सुट्टी, प्रत्येक गोष्ट समजावत बसावी लागते. त्याबद्दल तिथल्या दोन-तीन एशियन घरांशी बोला, शाळा गाठ घालून देईल. दुसरी भीती अशी, की त्या मुलांमुळे आपलं मूल बिघडेल. ती आकड्यांच्या आडून बोलतेय, म्हणून ती त्यालाही दिसत नसेल. तू भांडू नकोस. एवढंच विचार, की गावाकडे आपली शाळा गरिबांची म्हणून कोणी नाक मुरडलं होतं का? आपल्यातले कितीतरी जण अशाच शाळांच्या पटावरून इथवर आलेत. तो स्वतः कुठून आलाय, ते तू लिहिलं नाहीस, पण तुला माहीत असेल. आणि तो वाईट माणूस आहे असं मला तुझ्या पत्रातून मुळीच वाटलं नाही. रात्री बसून रिपोर्ट काढणारा बाप आहे तो. त्याच्यापुढे अपुरा आकडा आला, एवढंच.

पोटदुखीचं मात्र दहा दिवसांवर ठेवू नकोस. गणिताचं पुस्तक उघडल्यावर दुखणारं पोट मुलगी कुठल्याही शाळेत बरोबर नेईल. आधी डॉक्टरांना दाखव. मग तिच्या आताच्या शिक्षकांना आणि शाळेच्या समुपदेशकांना भेट. वर्गात नेमकं काय होतं, तिला कोणी हसतं का, वेळ लावून सोडवायच्या कागदांची धास्ती आहे का, हे विचार. ‘ए’ दर्जाच्या शाळेत शेजारचा मुलगा तीन इयत्ता पुढचं गणित क्लासमध्ये करून येत असला की ठीकठाक गणित येणारी मुलगीही स्वतःला ढ समजायला लागते. मी अशी मुलं पाहिलीत. हेच निघालं, तर छोट्या शाळेतल्या त्या बाईंची वीस मिनिटं मोठं औषध आहेत, आणि तू डोळ्यांनी पाहिलंस त्याला मी कमी मानत नाही.

मला विचारशील, तर माझा कल जागा घेण्याकडे आहे. पण तीन गोष्टी जुळल्या तरच: प्रगतीचा पोटभाग तीन वर्षं चांगला हवा, अल्जिब्राचं उत्तर ठोस हवं, आणि शिक्षक दरवर्षी पळत नसावेत. यातल्या दोन फसल्या तर आहे तिथेच राहा आणि वर्ग किंवा शिक्षक बदलून मिळतात का ते बघा. मुलीला एक पूर्ण दिवस त्या वर्गात बसू देतील का, हेही उद्याच फोन करून विचार. दोघे मिळून जा. नवऱ्याला गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसू दे.

इयत्तावार पटसंख्या आणि प्रगतीचे तीन वर्षांचे आकडे हाताशी आले की मला पाठव, दोन्ही शाळांचे. मी रविवारी बसून बघते आणि मुदतीच्या आत तुला कळवते.